प्राथमिक तुकडीतल्या तीन जागा

माणूस पाण्यात बुडतो तो पोहता येत नाही म्हणून नव्हे, तर येत नाही हे वेळेवर सांगितलं नाही म्हणून. हे सत्य जगात सगळीकडे लागू आहे. पुण्यात त्याची अडचण एवढीच, की न येणारी गोष्ट इथे मुळात अस्तित्वातच नाही.

याची कल्पना नसलेल्या श्रद्धा नावाच्या एका उत्साही मुलीने खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या फुगवट्यावर, कयाकच्या सहली सुरू केल्या. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबट, अरुंद होडी. दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं घ्यायचं आणि आपली आपण हाकायची. श्रद्धा परदेशी शिकून आलेली, त्यामुळे तिने शास्त्रशुद्ध तीन तुकड्या पाडल्या: प्राथमिक, मध्यम आणि तज्ज्ञ. प्राथमिकांना नारिंगी जॅकेट, मध्यमांना पिवळं, तज्ज्ञांना काळं. आपण कुठल्या तुकडीतले, हे ज्याचं त्याने ठरवायचं. घात झाला तो इथे.

पहिल्या महिन्याची नोंदणी अशी: तज्ज्ञ शहाण्णव टक्के, मध्यम चार टक्के (हे दोघे मूळचे नागपूरचे, पुण्यात नवीनच आलेले), प्राथमिक कुणी नाही. तज्ज्ञांपैकी बहुतेकांनी कयाक डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर कुणीही मत देईल, त्याला तज्ज्ञ कशाला हवा?

सदाशिव पेठेतले बापूराव या तज्ज्ञांपैकीच. त्यांचं प्रकरण मात्र जरा वेगळं होतं. नोकरीची सगळी वर्षं ते आधी सायकलवरून आणि मग स्कूटरवरून लकडी पूल ओलांडत राहिले आणि रोज मान वळवून खाली पाणी (असेल तेव्हा) बघत राहिले. पाणी वरून पुष्कळ बघून झालं, आता एकदा पाण्यात बसून काठाकडे बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. गुडघे फार तर वर्षभर साथ देतील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे घाईही होती. ते प्रामाणिकपणे 'प्राथमिक'वर बोट ठेवणार, तेवढ्यात मागून शेजारचे यज्ञेश्वर म्हणाले, "काय हो, बालवाडीत नाव घालताय?"

बोट आपोआप 'तज्ज्ञ'वर सरकलं.

घरी राधाबाईंनी विचारलं, "अहो, वल्ह्याचं वरचं टोक कुठलं, हे तरी ठाऊक आहे का?"

"दोन्ही टोकं वरचीच असतात," बापूराव म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

रविवारी सकाळी काळ्या जॅकेटांतले सात तज्ज्ञ काठावर उभे राहिले. श्रद्धाने सातही कयाक पाण्याला लावून दिल्या आणि ती खुर्चीत जाऊन बसली. "तज्ज्ञांना सूचना देणं हा त्यांचा अपमान आहे, असं मागच्या बॅचने मला लेखी कळवलंय," ती म्हणाली. "सो, काका, निघा तुम्ही. एन्जॉय."

कुणी निघेना. होडीत आधी पाय घालायचा की आधी बूड टेकायचं, हे प्रत्येकाला दुसऱ्याचं बघून मग आधीपासून माहीत असायचं होतं.

"आधी आपण."

"छे छे, आपण ज्येष्ठ."

"वयाचं काय त्यात? पाणी सगळ्यांना सारखंच ओलं."

एवढं सौजन्य पुण्यात एका जागी साचल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही (चौकातल्या सिग्नलला तर नाहीच). मधल्या वेळात वाऱ्यावर चर्चा झाली, धरण बांधणाऱ्यांच्या चुकांवर झाली, वल्ह्याच्या पात्याच्या खोलगट बाजूवर झाली. (ती बाजू नेहमी पुढे, समोरच्या दिशेला ठेवायची असते, हे वाचकांनी जाता जाता ध्यानात ठेवावं.) ऊन डोक्यावर आलं. शेवटी यज्ञेश्वरांनी पाण्याकडे जरा रोखून पाहिलं आणि निर्णय दिला, की आजचं पाणी तज्ज्ञांच्या लायकीचं नाही आणि वाटेत मिसळ बरी मिळते. ठराव एकमताने पास झाला. जॅकेटांचे पट्टे सुटू लागले.

बापूरावांनी पाण्याकडे पाहिलं. उजव्या गुडघ्यात एक कळ येऊन गेली. आणि पेठेत कुणी कुणाला बोलताना ऐकलं नसेल असं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"मला येत नाही."

सगळे थांबले.

"म्हणजे नक्की काय येत नाही?" यज्ञेश्वरांनी जपून विचारलं.

"काहीच. यात बसायचं कसं तेसुद्धा. श्रद्धाताई, ते नारिंगी द्या जरा."

श्रद्धा खुर्चीतून उठली. या धंद्यात तिला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. "काका, प्राथमिक बॅचला मिनिमम चार जण लागतात," असं म्हणून तिने उरलेल्या सहांकडे पाहिलं. सहाही जण एका बाभळीचं निरीक्षण करू लागले. "ठीके. तीन जागा रिकाम्या ठेवून नेते तुम्हाला. आधी बूड टेका, मग पाय आत."

"तेच तर मी मघापासून म्हणतोय," सहा जण म्हणाले.

बापूराव पाण्यात गेले, शेजारी दुसऱ्या कयाकमध्ये श्रद्धा. काठावरून मार्गदर्शन सुरू झालं. "डावीकडे घ्या," "अहो उजवीकडे," "कंबर सैल सोडा," "कंबर मुळीच सोडू नका." बापूरावांनी सगळ्यांचं ऐकलं, त्यामुळे होडी दोनदा जागच्या जागी गरगरली. मग ते थोडे लांब गेले आणि ऐकू यायचं बंद झालं. तेव्हा होडी सरळ चालू लागली.

मध्यावर थांबून त्यांनी मान वळवली. काठावर सहा काळी जॅकेटं हातवारे करत होती. आवाज नव्हता. काठ इतका चांगला दिसू शकतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

परतल्यावर यज्ञेश्वर म्हणाले, "बरं जमलं. पण वळताना खांदा चुकत होता तुमचा."

"असेल," बापूराव म्हणाले आणि पुढच्या रविवारसाठी पुन्हा प्राथमिकलाच नाव देऊन आले.

त्या तुकडीतल्या तीन जागा अजून रिकाम्या आहेत. आणि हो, खोलगट बाजू पुढे ठेवायची हे वर सांगितलं ते साफ चूक आहे. ती बाजू आपल्याकडे असावी लागते. हे ज्यांना वाचतानाच खटकलं, ते तज्ज्ञ. ज्यांना खटकलं नव्हतं, पण 'मला तेव्हाच शंका आली होती' असं या क्षणी वाटू लागलंय, त्यांच्याही मापाचं काळं जॅकेट तयार आहे. येताना फक्त खुर्ची घरून आणावी. काठावर गर्दी फार असते.