वाघमोडेंचा पाण्यातला पंचनामा

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो अर्ज वाचले, पण माझ्या स्वतःच्या नावाने आलेला अर्ज एकच. २०१६ साली दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही कामावर आलो होतो. माझ्या समोरच्याच टेबलावर बसणारे वाघमोडे भाऊसाहेब उठले, चार पावलं चालून माझ्याकडे आले, एक कागद ठेवला आणि परत जागेवर जाऊन बसले. कागदावर लिहिलं होतं:

"विषय: पोहणे शिकविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराचे वय सत्तावन्न वर्षे पूर्ण असून त्यास अद्याप पोहता येत नाही. तरी सेवानिवृत्तीपूर्वी, म्हणजे येत्या मे अखेरपर्यंत, अर्जदारास पोहणे शिकवावे ही विनंती. सोबत: वैद्यकीय प्रमाणपत्र."

मी मान वर करून म्हटलं, "अहो भाऊसाहेब, तोंडाने सांगायचं की!"

"तोंडाचं काय खरं, राऊत? कागद बोलतो. पोच द्या."

मी पोच दिली. न देऊन सांगतो कोणाला!

आमचं कार्यालय तलासरीला. कुठल्या खात्याचं ते सांगत नाही. वाघमोडेंना कळलं तर 'जावक क्रमांकाशिवाय माहिती कशी दिलीत' म्हणून मलाच विचारतील. तालुका असा टोकाचा, की इथे बदली मागून कोणी येत नाही आणि एकदा आलेल्याची वरती कोणाला आठवण राहत नाही. वाघमोडे असेच आले आणि राहिले. मूळचे माणदेशातले. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला पहिला मॅट्रिक. आईवडील गेले, लग्न राहून गेलं, आणि अच्छाडच्या तपासणी नाक्याजवळ एक भाड्याची खोली घेऊन हा माणूस ट्रकांच्या भोंग्यांत सुखाने झोपू लागला. मी एकदा विचारलं, अहो, तिथे कशाला राहता? तर म्हणाले, "चांगली जागा आहे. तिथं प्रत्येकाला कागद दाखवावा लागतो."

लग्नपत्रिका आली की ते तिच्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारून तारीख टाकत. खाणावळीत उद्या जेवण नको असेल तर आदल्या दिवशी चिठ्ठी. हजेरीपटावर आम्ही सगळे सरळ हाताने 'दहा' लिहायचो. वाघमोडे 'दहा वाजून सात मिनिटे' लिहीत. एका साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "वाघमोडे, सगळे दहा लिहितात." वाघमोडे म्हणाले, "सगळे दहाला येतात का, साहेब?" साहेब स्वतः साडेअकराला आलेले होते. त्यांनी विषय बदलला.

"नोंद खरी पाहिजे," हे त्यांचं पालुपद. दिवसातून दहा वेळा. ऐकून ऐकून आमच्या शिपायानेसुद्धा बायकोला भाजीचा भाव खरा सांगायला सुरुवात केली होती.

आता मी नरपडचा. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि घराच्या मागे आमच्या चिकूच्या वाडीत दगडी पायऱ्यांची बावडी. मला पोहायला कोणी शिकवलं ते मला आठवत नाही, जसं चालायला कोणी शिकवलं ते आठवत नाही. त्यामुळे हे काम म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं मला वाटलं. पण मी शिकवणार होतो तो माणूस पाण्याकडे कसा बघतो, हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या रविवारी ते काळी-पिवळीने डहाणूपर्यंत आणि तिथून रिक्षाने आले. बावडीच्या कठड्यावर उभे राहून खाली बघितलं.

"खोली किती?"

"दोन पुरुष."

"कोणता पुरुष? तुम्ही का मी?"

मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहे. प्रश्न रास्तच होता. मग त्यांनी खिशातून दोरी काढली, टोकाला दगड बांधला, खोली मोजली, वहीत लिहिली आणि 'आजचे कामकाज संपले' म्हणून घरी गेले. दुसऱ्या रविवारी पायऱ्या मोजल्या. तिसऱ्या रविवारी माझी आई कंटाळली.

माझी आई त्या वेळी एकाहत्तरची. बावडीच्या कडेला बसून चिकू निवडायची तिची जागा ठरलेली. ती म्हणाली, "काय ओ भाऊ, पाणी वर येऊन तुम्हाला भिजवणार हाय काय? उतरा बघू!"

आणि ते उतरले. आमच्याकडे नवशिक्याच्या काखेत दोन सुके नारळ सालांसकट बांधून देतात. नारळ बुडत नाही, म्हणून माणूस बुडत नाही. वाघमोडेंनी दोन्ही नारळ आधी एकेक करून पाण्यात सोडून बघितले. खात्री पटल्यावर बांधू दिले. मग मी त्यांच्या पोटाखाली हात धरला आणि त्यांनी पाय उचलले.

इथे मला एक शोध लागला. जमिनीवर शासकीय मराठी बोलणारा हा माणूस पाण्यात पडला की थेट माणदेशात जाऊन पोचायचा.

"आयाया, मेलो, मेलो! आरं राऊत, सोडू नगंस! तुला तुझ्या लेकीची आन हाय!"

मी सोडलं नव्हतं. पण त्यांनी हातपाय असे झाडले, की एक नारळ सुटून निघून गेला आणि भाऊसाहेब एका कुशीवर बुडू लागले. तेवढ्यात वरून काहीतरी खाली आलं. चिकू काढायला आम्ही बेडणी वापरतो. लांब बांबू, त्याच्या टोकाला जाळीची पिशवी. झाडावरचं फळ हळूच जाळीत घ्यायचं, म्हणजे जमिनीवर पडून डागळत नाही. आईने पन्नास वर्षांच्या सवयीने बेडणी खाली घातली आणि वाघमोडेंचं डोकं जाळीत घेऊन पाण्यावर काढलं.

"कच्चा हाय अजून," ती मला म्हणाली. "सावकाश घे."

त्या दिवसापासून आईची बेडणी पाण्यावर कायम तयार असायची.

पायरीवर कुडकुडत बसले असताना मी त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, एवढी भीती वाटते तर हवंय कशाला हे? आणि मे अखेरपर्यंतच कशाला?"

त्यांनी टॉवेल खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाले, "राऊत, दर पावसाळ्याआधी पुराच्या ड्युटीची यादी होते. त्यात रकाना आहे: पोहता येते काय. माझ्या नावापुढं 'होय' आहे. चौदा वर्षं. माझ्याच अक्षरात."

मी चाट पडलो. दहा वाजून सात मिनिटे लिहिणारा माणूस!

"अहो, मग खोडा आणि 'नाही' लिहा. हाय काय अन् नाय काय!"

"त्या नोंदीवर मला पुराला पाठवलंय. दोनदा. आता 'नाही' लिहिलं तर मागचं सगळं खोटं होतंय. त्यापेक्षा मीच खरा होतो. खोटी नोंद ठेवून मी निवृत्त होणार नाही."

"पण लिहिलंत कशाला मुळात?"

"चूक झाली," ते म्हणाले आणि कपडे घालायला उठले.

पुराला ते गेले होते हे मला ठाऊक होतं. झरी गावाकडच्या ओढ्याला पाणी आलं तेव्हा परतले ते एकच चप्पल घालून, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सगळे कागद कोरडे. मला वाटायचं, एकटा जीव म्हणून त्यांना पंचनाम्याला पाठवतात. खरं सांगायचं तर मी थोडा रुसलोही होतो. नरपडचा पोहणारा मी, आणि मला एकदाही कोणी बोलावू नये! मी लांब राहतो म्हणून असेल, अशी मनाची समजूत घातली होती.

तर मग रविवारमागून रविवार गेले. वाघमोडेंनी प्रगतीची वही ठेवली होती. ती वही मी आजही कोणालाही दाखवायला तयार आहे. 'आज तीन हात अंतर. पैकी दोन हात राऊत यांनी ओढले.' 'आज पाणी नाकात गेले. अपशब्द उच्चारला. राऊत यांच्या मातोश्री उपस्थित होत्या. क्षमा मागितली.' 'आज एक नारळ कमी केला.' आणि फेब्रुवारीतल्या एका पानावर, फक्त एक ओळ: 'आज राऊत यांनी हात काढून घेतला. मला नंतर कळले.'

त्या दिवशी मी हात काढला आणि ते बावडीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले. शैली म्हणाल तर म्हशीलाही लाज वाटावी अशी. पण गेले. भिंत धरून त्यांनी मागे वळून बघितलं, मी कुठे उभा आहे ते बघितलं, आणि त्यांचा चेहरा जो काही झाला तो मला शब्दांत सांगता येणार नाही. माझी मुलगी पहिलं पाऊल टाकून माझ्याकडे बघत होती तेव्हा मला जे वाटलं होतं, तेच वाटलं. अठ्ठावन्नाला टेकलेल्या सहकाऱ्याबद्दल असं वाटणं बरोबर आहे की नाही, कोण जाणे. मला अभिमान वाटला, एवढं खरं.

मला वाटलं, झालं. पण वाघमोडे म्हणाले, "बावडीला भिंत असते. पुराला नसते. परीक्षा समुद्रात घ्या. आणि पंचनामा करा."

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळच्या भरतीला, आम्ही नरपडच्या किनाऱ्यावर जमलो. पंच दोन: एक माझी आई, दुसरी शेजारची हिराबाई, जी बोंबील वाळत घालायचं सोडून आली होती. होड्या बांधायच्या दोन खांबांमध्ये साठ हात अंतर होतं. ते वाघमोडेंनी स्वतः मोजलं. कमरेला दोर नाही, काखेत नारळ नाही. आईने बेडणी आणली होती, आणि समुद्रात तिचा काही उपयोग नाही असं तिला सांगायची हिंमत मला झाली नाही.

ते निघाले. मी बाजूने, हात न लावता. निम्म्यावर एक लाट डोक्यावरून गेली आणि ते दिसेनासे झाले. हिराबाई ओरडली. आई तर साडीसकट गुडघाभर पाण्यात, बेडणी पुढे धरून. मी हात घालणार एवढ्यात ते वर आले, खोकले, मला दम दिला, "हात लावू नगंस! पंचनामा रद्द हुईल!" आणि पुढे निघाले. दुसऱ्या खांबाला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली. किनाऱ्यावर दोन म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या.

पंचनाम्यावर हिराबाईने अंगठा दिला. आईने सही केली, आणि न विचारता खाली लिहिलं, 'पिकला.'

तीन दिवसांनी निवृत्ती. हार, नारळ, भाषणं झाली. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी मला टेबलाचा चार्ज दिला, कारण त्यांचं टेबल आता माझ्याकडे येणार होतं. एकेक फाईल, एकेक सही. शेवटी पुराच्या याद्यांची फाईल. पंचनामा त्यात व्यवस्थित लावलेला. मी हसत हसत गेल्या वर्षीची यादी उघडली. वाघमोडे: होय. त्याच्या खालची ओळ माझी होती.

राऊत: नाही.

"भाऊसाहेब, ही चूक बघा की! नरपडच्या माणसापुढे 'नाही'?"

ते हसले नाहीत. मी मागचं पान उलटलं. नाही. त्याच्या मागचं, नाही. चौदा पानं, सगळी त्यांच्या अक्षरात. मी थेट पहिल्या पानावर गेलो आणि साल बघून माझा हात थांबला. त्या मे महिन्यात मी रजेवर होतो.

"साहेबांनी सांगितलं होतं," वाघमोडे म्हणाले, "शाखेतून पोहणारा एक माणूस द्या. पुरात दोर घेऊन पहिला तोच उतरेल. शाखेत आपण दोघं. तुमची मुलगी अकरा दिवसांची होती. पेढ्यांचा पुडा इथं, या टेबलावर होता."

"अहो, पण तुम्हाला तर पाण्याची..."

"माझ्यामागं रडाया कोण हाय?"

कोरड्या जमिनीवर त्यांच्या तोंडून माणदेश मी पहिल्यांदा ऐकला. मग त्यांनी घसा साफ केला. "नोंदी दोन खोट्या होत्या. एक मी खरी केली. दुसरीला माझ्याकडं इलाज नाही, तुम्हाला पोहणं विसरा असं कसं सांगणार? मुलगी आता मोठी झाली. यंदाच्या यादीत तुमच्या सहीनं 'होय' लिहा."

मी लिहिलं. सही केली. वर बघून काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी नेहमीसारखा हात वर केला.

"तोंडाचं काय खरं, राऊत?"

म्हणून मी कोरा कागद घेतला. 'प्रति, श्री. वाघमोडे' लिहिलं. 'विषय: आभार मानणेबाबत' लिहिलं. त्याच्या पुढे मला एक शब्द सुचेना. आयुष्य मसुदे करण्यात गेलेला माणूस मी, दोन ओळींसाठी बसून राहिलो, आणि शेवटी तेवढाच कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. खणातून शिक्का काढला, 'प्राप्त' मारलं, तारीख टाकली. मी फाईल उघडून धरली. पण वाघमोडेंनी कागदाची नीट चौघडी केली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, आणि वरून बटण लावलं.