फ्रीजवरचे एकोणपन्नास

डॉ. टिपणीसांच्या फ्रीजवर एक आकडा असायचा. मुलीच्या लहानपणचे प्लॅस्टिकचे, पाठीला चुंबक असलेले रंगीत आकडे टिपणीसकाकांनी जपून ठेवले होते. मुलगी केव्हाच लग्न होऊन लंडनकडे एजवेअरला गेली. मग त्या आकड्यांतून काका एकच गोष्ट सांगू लागले. आपल्या बुचावरच्या संशोधन-पेपरचा उल्लेख आजवर किती जणांनी आपापल्या पेपरात केला, ती. मी लीड्सला त्यांच्या गल्लीत राहायला आलो तेव्हा फ्रीजवर एकतीस होते.

काका युनिव्हर्सिटीत टॉक्सिकॉलॉजीचे संशोधक. इथल्या मराठी मंडळात लोक त्यांच्या शेजारी जेवायला बसायला जरा कचरत, कारण ‘हे खाल्लं तर चालतं ना?’ असं कुणी सहज विचारलं तरी काका प्रामाणिकपणे उत्तर देत. श्रीखंडातल्या जायफळाकडे बघून म्हणत, "विष आहे. पण मात्रा सांग." हे त्यांचं पालुपद. पाऊस फार पडतोय म्हटलं तरी मात्रा सांग. नलूकाकू म्हणायच्या, "लग्नाआधी मी यांना म्हटलं, तुम्ही मला आवडता. तर हे म्हणाले..." पुढचं त्यांना सांगावं लागत नसे.

काकांचे पेपर तसे बावीस. त्यातले एकवीस, काकूंच्या शब्दांत, ‘यांनी लिहिले आणि यांनीच वाचले.’ बाविसावा बुचाचा. रक्ताचा नमुना ज्या नळीत ठेवतात, तिच्या रबरी बुचातून जस्त रक्तात उतरतं आणि मशीन खोटा आकडा दाखवतं, एवढंच त्यात होतं. जन्मभर विषांचा अभ्यास केलेल्या माणसाचं जे काही नाव झालं, ते बुचामुळे.

दर शनिवारी सकाळी काका लायब्ररीत जाऊन कॉम्प्युटरवर नवे उल्लेख शोधत. स्वतःच स्वतःचा केलेला उल्लेख धरत नसत. "आपल्याच लग्नात आपणच आहेर करण्यातला प्रकार आहे तो," म्हणत. नवा उल्लेख सापडला की फ्रीजवरचा आकडा बदलायचा आणि त्या लेखकाला स्वतःच्या अक्षरात आभाराचं कार्ड पोस्टाने जायचं. फिनलंडला, ब्राझीलला, कुठेही. उत्तरं फारशी येत नसत. एकदा कोरियातल्या एका बाईंनी उलट काकांचेच आभार मानले, तर काकांनी त्या आभारांबद्दल आभाराचं दुसरं कार्ड पाठवलं.

सप्टेंबरात ते रिटायर होणार होते. त्याआधी पन्नास व्हावेत, एवढीच त्यांची इच्छा. जानेवारीत एकोणपन्नास झाले. तेव्हाच पाच आणि शून्य काढून काकांनी फ्रीजवर एका कपात तयार ठेवले.

आता माझं सांगतो. सांगायला लाज वाटते.

मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. आदल्या वर्षी आमच्याकडे पेशंटच्या रक्तात जस्त भलतंच जास्त दिसू लागलं होतं. मशीन तीनदा तपासलं. एकदा जेवताना हे मी काकांना सांगितलं, तर आमटीतून मान वर न काढता ते म्हणाले, "बूच बघ." बूच बघितलं. तेच होतं. नळ्या बदलल्या, आकडे ठिकाणावर आले आणि त्यावर मी पेपर लिहिला.

जर्नलला संदर्भ तीसच चालत होते. माझे एकतीस झाले. एक काढायचा होता. त्यात दोन माझ्या बॉसचे, एक काकांचा, बाकीचे मी कधी न भेटलेल्या माणसांचे. मी काकांचा काढला. मनाला सांगितलं, काका काय, घरचेच आहेत.

एप्रिलमध्ये पेपर छापून आला. काकांच्या दारावरून जायला नको म्हणून मी बसस्टॉपला मागच्या गल्लीतून वळसा घालून जाऊ लागलो. पण दर शनिवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. "एकोणपन्नास," एवढंच म्हणून ते ठेवून द्यायचे. आधीही ते असंच करत. आता मला तो एक शब्द दिवसभर पुरायचा.

ऑगस्टमध्ये मला राहवेना. गेलो.

"काका, पन्नासावा मी होतो. मीच तुम्हाला लिस्टमधून काढलं."

"माहीत आहे. एप्रिलमध्येच वाचला. संदर्भ मोजले, बरोबर तीस. म्हटलं, लिमिट असणार."

"बॉसचे दोन ठेवले मी."

"तिसरा नाही मागितला त्याने?" काकू किचनमधून म्हणाल्या.

"मला फार वाईट वाटतंय, काका."

"मात्रा सांग."

"चार महिने."

काका म्हणाले, "एवढी नको होती."

"मी जर्नलला लिहितो. करेक्शन छापतील ते."

"करेक्शनमधला मी धरत नाही. रीडिंग्ज बरोबर येतात ना आता?"

"येतात."

"नळ्या कुठल्या वापरतोस?"

मग दहा मिनिटं आम्ही नळ्यांवर बोललो. एवढं खुशीत मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. निघताना त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून एक पाकीट काढलं. वर माझं नाव, माझा पत्ता, पोस्टाचं फर्स्ट क्लासचं तिकीट. आमची घरं चार दारं लांब.

"तुझा पेपर येणार हे माहीत होतं, म्हणून कार्ड आधीच लिहून ठेवलं होतं. नंतर लायब्ररीत जाऊन बघितलं, तर पाठवायला कारण उरलं नाही. घेऊन जा आता."

घरी येऊन उघडलं. ‘प्रिय सुहास, माझ्या पेपरचा उपयोग केल्याबद्दल आभार. पन्नासावा उल्लेख घरच्या माणसाचा असावा असं मला वाटत होतं. हे कुणाला सांगू नये. रविवारी सगळे जेवायला या. श्रीखंड आहे.’

एप्रिलमधल्या त्या रविवारी काकूंनी खरंच श्रीखंड केलं होतं का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. पण कोणता रविवार, ते कार्डावर लिहिलेलं नव्हतं. आम्ही घरचे सगळे त्याच आठवड्यातल्या रविवारी गेलो. फ्रीजवर एकोणपन्नासच होते, पाच आणि शून्य कपातच. श्रीखंड काकांनी स्वतः वाढलं. वाढताना मात्रा विचारली नाही.