हुकूम न देणारे आण्णा

बबनआण्णांना संडास कुठं आहे विचारलं, तरी ते म्हणायचे, "तुला काय वाटतं, कुठं आसंल?"

शिवऱ्याला हायवेलगत आमचा लोणच्याचा कारखाना. आण्णा तिथले सुपरवायझर. पूर्वी त्यांचा आवाज पार रस्त्यापलीकडं जायचा. मग शेठनी त्यांना पुण्याला प्रशिक्षणाला धाडलं. कामगारांवर ओरडू नका, त्यांना विचारा, उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या, असं तिथं शिकवलं. आण्णांनी ते दीक्षेसारखं घेतलं. बरण्या वाहणारा पट्टा बंद पडला की आण्णा हात मागं बांधून उभे. "का बरं थांबला आसंल?" आणि खरं सांगते, बायका शिकल्या. पट्टा आता त्याच चालू करतात.

मला मात्र चीड यायची. बायका दिवसभर उभ्या, आणि अख्ख्या कारखान्यात खुर्ची एक. आण्णांची. "प्रश्न नकोत, खुर्च्या द्या!" असं पत्रक मी आमच्या कामगार संघटनेतर्फे काढलं. आण्णांनी ते शांतपणे वाचलं. "ह्याच्यात आजून काय लिवता आलं आसतं?"

कामथडीची वंदना बरण्यांना झाकणं लावायची. सातवा महिना. जिला उभं राहवत नाही तिनं घरी बसावं, हा शेठचा नियम. आणि घर तर तिच्याच पगारावर चाललेलं. आण्णा रोज विचारायचे, "वंदे, बरं वाटतंय न्हवं?" ती रोज म्हणायची, "व्हय आण्णा, लई बरं." नोकरीच्या धाकात असलेली बाई दुसरं काय सांगणार?

एक दिवस तिनं पट्ट्याची कड घट्ट धरली. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. आण्णा जवळ आले. आम्हाला वाटलं, आला प्रश्न.

आण्णांनी आपली खुर्ची ओढत आणली. "बस."

"आण्णा, शेठ..."

"बस म्हनतो न्हवं!" मग आवाज खाली आला. "आमची ही बी शेवटपातूर म्हनायची, लई बरं हाय. म्या इचारायचो आन् खरं मानायचो."

शेठ दारात आले. "हिचं काम कोण करणार?"

"म्या. हिची बाळंतपनाची रजा लागंपातूर."

शेठनी खुर्चीकडं बघितलं आणि ते माघारी फिरले.

आण्णांनी बरणीवर झाकण दाबलं. ते वाकडं बसलं, तेल शर्टावर आलं.

"वंदे, कसं लावायचं गं हे?"

वंदनानं पदरानं डोळे पुसले.

"तुमाला काय वाटतं, आण्णा?"