पिवळ्या टोपणांची रेडिओवाली

गर्दीला कसं हरवायचं, ते मला विचारा! चाळिशी उलटल्यावर नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, की मी ऑटिस्टिक आहे. आवाज, उजेड, वास माझ्या डोक्यात गाळणीशिवाय ओतलेल्या चहासारखे घुसतात, पत्तीसकट! तोवर घरात माझं नाव 'नखरेवाली अख्तरी' होतं. लग्नात बँड वाजला, की मी गोठ्यात!

पण या वेळी पळायचं नव्हतं. माझी भाची शिरीन पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात पहिल्यांदा गाणार होती. गाणं मीच शिकवलेलं. शाळेच्या गॅदरिंगला मी मधूनच पळाले होते, तर माझी रिकामी खुर्ची बघून पोरगी कडवंच विसरली होती.

"फूफी, गाणं होईस्तोर बसजो," ती म्हणाली. "तू दिसली नाई त माह्यं तोंडच उघडत नाई."

माझा भाऊ रईस, म्हणजे शिरीनचा बाप, भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीत कामाला. त्यानं सुरुंग उडताना कानांवर लावतात ती पिवळी टोपणं आणून दिली. "आपा, हे लावलं का वाघ कानापाशी डरकला तरी समजत नाई!"

वाघ खरंच होता. वडशाजवळच्या नाटकाच्या गावाभोवती तो फिरत होता, म्हणून रात्रीचं नाटक दुपारी ठेवलेलं. मी टोपणं चढवली, हाताला चाळा म्हणून शिलाई मशीनची बॉबिन, दोऱ्याची ती छोटी चकती, घेतली आणि मंडपात अगदी मागे बसले. काय शांतता! विहिरीच्या तळाशी बसावं तशी!

तेवढ्यात नाटक कंपनीचे मालक नानाजी माझ्या कानांकडे आणि बॉबिनकडे बघत समोर आले. त्यांचे ओठ हलले. ऐकू आलं नाही की मान डोलवायची, ही माझी जन्माची सवय. डोलवली. ते आणखी बोलले. आणखी डोलवली. नानाजींचा चेहरा हॅलोजनसारखा उजळला!

मी एक टोपण उचललं, तर माईकवर घोषणा: "आपल्या नाटकाचं रेकॉर्डिंग कराले रेडिओवाल्या बाई आल्या हायेत!"

"भाऊ, मी रेडिओवाली नाई!"

"समजलो, बाई! गुपचूप आल्या तुमी!"

हार आला, नारळ आला आणि माझी खुर्ची उचलून ठेवली ती थेट पुढे, रांजणाएवढ्या भोंग्यासमोर!

पडदा उघडला. ऑर्गन टोपणं फोडून आत शिरला. दाढा हलायला लागल्या. भज्यांचा वास, जनरेटरचा धूर, लाल-हिरवे गरगरते दिवे, पाठीत कुणाचे तरी गुडघे! पाय पळायला निघाले होते. पण शिरीन अजून आली नव्हती. मी दोन्ही हातांनी हवा खाली दाबली. बस्स करा!

नानाजी विंगेतून माझ्याकडे टक लावून होते. पुढचं मला शिरीननं नंतर सांगितलं. माझ्या बॉबिनकडे बोट दाखवून ते भोंगेवाल्यावर ओरडले, "अबे लच्छू, आवाज कमी कर! बाईचा टेप खराब होऊन राह्यला!"

भोंगा नरमला. मी डोळ्यांवर हात धरला, गरगरते दिवे बंद! आयुष्यात पहिल्यांदा जगाची बटणं माझ्या हातात होती! मी आणखी हात दाबला.

"आवाज नाई येत!" मागून पब्लिक ओरडलं.

"चूप बसा! रेकॉर्डिंग होऊन राह्यलं!" नानाजी डाफरले.

अख्खा मंडप चूप! भजेवाल्या गुणाबाईनं तर झारासुद्धा पदरात गुंडाळला.

मग शिरीन आली. तिनं मला शोधलं. मी टोपणं काढली, गळ्यात अडकवली. पोरीनं असा सूर लावला, की माझ्या डोक्यात त्याच्याशिवाय दुसरं काही उरलंच नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत मी बसले. खुर्चीवर! लोक टाळ्यांना हात उचलणार, तोच नानाजी धावले, "टाळ्या नाई! टेप!" मग शेकडो लोकांनी मुकाट्यानं दुपट्टे हलवले. माझ्यासाठी यापेक्षा गोड टाळ्या नाहीत!

नाटक संपल्यावर नानाजींनी विचारलं, "रेडिओवर कवा लागन, बाई?"

मी खरं सांगून टाकलं. "भाऊ, हे खाणीतलं कान झाकाचं हाय."

नानाजींनी टोपणं हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. वाटलं, आता नारळ परत मागतात! पण ते जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "मंग हे मलेच द्या न, बाई. सारी जिंदगी त्या भोंग्यापाशी गेली माह्यी!"

विजयाच्या तोऱ्यात मी देऊन टाकली. दानशूर!

मग एसटी आली. खिडक्यांचा खडखडाट, पोरांची रडारड, मी दोन्ही कानांत बोटं घालून बसलेली. कंडक्टरचे ओठ हलले. सवयीनं मी मान डोलवली.

मला भद्रावतीला जायचं होतं. उतरवलं अर्ध्या वाटेत, सिंदेवाहीला!