तात्यांच्या हिरडीचे टाके

भागवततात्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, तोंडात बघतात. बदली होऊन मी घोडेगावच्या शाळेत आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा त्यांनी मला नाव-गाव काही विचारलं नाही. "गुरुजी, जरा हसा," एवढंच म्हणाले. मी हसलो.

"चव्वेचाळीस वर्सं पुरी. उजव्या अंगानं चावता. डावी दाढ दुखती, पर दाखवायचं भ्या वाटतं."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी त्या दिवसापासून त्यांच्यासमोर जपून हसतो.

तात्या जनावरांच्या बाजारातले दलाल. बैलाचा ओठ वर केला की त्यांना वय कळतं, आणि आधीच्या मालकानं काय खायला घातलं तेही कळतं. सगळं जग त्यांच्या लेखी दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि सगळे दात आलेलं, म्हणजे जुळलेलं, एवढ्यातच बसतं. शाळेत एकदा नवे साहेब तपासणीला आले, तर फाटकाशी उभे असलेले तात्या माझ्या कानाला लागले, "चार दातीच हाय. अजून जू घेतल्यालं न्हाई मानंवर."

अशा माणसाचे पुढचेच दोन दात एका म्हशीनं पाडावेत! ते तोंड बघायला वाकले आणि तिनं मान झटकली.

मी त्यांना नगरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तिशीच्या, शांत. म्हणाल्या, "आजोबा, नवा दात बसवायला खाली हाडच उरलेलं नाही. आधी हाडाची पूड भरू. ती धरली की मग दात."

"म्हंजी आदी भराव, मंग खांब," तात्या म्हणाले. बाईंना पटलं.

हिरडी उघडून पूड भरली, वरून टाके घातले. तंबाखू बंद, मऊ खाणं, गोळ्या वेळेवर, आणि बोलणं अगदी कमी, ओठ ताणायचे नाहीत. बाजारात उभ्या जन्मात कमी न बोललेला हा माणूस! मला काळजी लागली.

पण पुढच्या बाजाराला मी मुद्दाम गेलो, आणि बघतच राहिलो. तात्या तोंडाला उपरणं बांधून उभे. एक शब्द नाही. पंच्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची जुनी रीत त्यांनी त्या दिवशी अशी चालवली, की दुपारपर्यंत पाच जोड्या हलल्या. एक शेतकरी अडून बसला, तर तात्यांनी नुसत्या भुवया उचलून त्याला वाकवलं. तंबाखूची डबी तर त्यांनी माझ्याच हवाली केली होती.

तरीही नवव्या दिवशी त्यांचा वरचा ओठ टम्म सुजला. अंगात ताप, तोंडाला घाण चव, टाक्यातून पू. त्यांनी मोटरसायकलच्या आरशात बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, माल बिगडला."

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. "टाके ओढले गेलेत. फटीतून जंतू शिरले. खूप बोलता का?"

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. मीही साक्ष दिली. बाई गोंधळल्या.

हिरडी पुन्हा उघडावी लागली. पू काढला, आत धुतलं, सैल झालेली पूड काढून टाकली, नवे टाके. भुलीची सुई सुजलेल्या जागी नीट लागेना, दुखत होतंच. तात्या हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं, पण जबडा उघडा तो उघडाच. नंतर बाई मला म्हणाल्या, "असा पेशंट मी पाहिला नाही."

तात्यांनी एकच विचारलं, "हाड ऱ्हाईल का?"

"बरंचसं राहील. पण आता टाका तुटला तर सगळं काढावं लागेल."

संध्याकाळी त्यांच्या गोळ्यांची पिशवी माझ्याकडे राहिली म्हणून मी द्यायला गेलो. दार उघडं होतं. तात्यांची बायको, गयाकाकू, चुलीपुढे बसल्या होत्या. बारा वर्षांपूर्वीच्या एका तापानंतर त्यांना काही ऐकू येत नाही. समोर तात्या. ते बोलत होते. आवाज अजिबात नव्हता, पण तोंड असं ताणत होते की ओठ कानाला टेकतील. डॉक्टरीणबाई, खुर्ची, सुई, सगळी हकिगत चालली होती. काकू त्यांच्या ओठांवर डोळे लावून हसत होत्या.

तात्यांना मी दिसलो. तोंड मिटून ते बाहेर आले. "डाक्टरबाईला सांगू नका. ही घरात दिसभर एकली आसती. बाजारातलं काय बी तिला माज्या तोंडावरूनच कळतं. लिवल्यालं वाचता येत न्हाई. मी गप बसलो तर तिला जग बंद हुतं, गुरुजी."

तेवढ्यात काकू दारात आल्या. मी माझ्या तोंडावर हात ठेवला, तात्यांच्या ओठाकडे बोट केलं, आणि दोरा तुटतो तसं चिमटीनं दाखवलं. त्यांना लगेच उमगलं.

"माज्यापायी तुटला व्हय?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. तात्यांनी मान फिरवली. काकूंनी पुढे होऊन आपला तळवा त्यांच्या तोंडावर दाबून धरला. "आता तुमी गप. मी बोलती."

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून काकूंचा आवाज यायला लागला. आधी अडखळत, मग सलग.

दोन-तीन आठवड्यांनी सूज पूर्ण उतरली, टाके निघाले, हाड धरतंय असं बाई म्हणाल्या. परत येताना मी म्हणालो, "तात्या, सुटलात. आता बोला घरी मनसोक्त."

त्यांनी एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेच्या एका विहिरीकडे बोट केलं.

"तिला पवता येतं, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "म्हायेरच्या हिरीत ती आरपार पवायची. चाळीस वर्सं संसार केला, मला ठावं न्हाई. मीच बोलत हुतो ना."

"मग आता?"

"आता कसं बोलू? आत्ता कुठं तिच्या सांगण्यात तिचं लगीन ठरायला लागलंय."