एक वाव जास्त

जगनमामा तांडेल दोन्ही हात पसरून उभे राहिले की नवख्या माणसाला वाटायचं, हे मिठी मारायला निघालेत. पालघरजवळच्या आमच्या माहीम गावात पाहुणा म्हणून आलेला एखादा जावई भाबडेपणाने पुढे व्हायचा आणि मामांच्या छातीवर आदळायचा. मामा त्याला हळूच बाजूला करून म्हणायचे, "थांबा जावयबापू, मोजतोय."

हात पसरले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंतची लांबी म्हणजे एक वाव. समुद्रावर जाणारी माणसं दोर आणि पाण्याची खोली या मापाने मोजतात. आम्हां शिकलेल्यांच्या मराठीत वाव म्हणजे संधी, मोकळी जागा. पालघरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मी तो शब्द निबंधांत बराच तपासला, पण त्याला हाडंमांस असतं हे मामांकडे बघून कळलं. मामा उंचीने सहा फूट आणि त्यांची वावही बरोबर सहा फुटांची. दोराच्या लांबीवरून भांडण लागलं की गाव त्यांना बोलावत असे. ते येत, हात पसरत, मोजत, आकडा सांगत आणि परत जात.

दोर घ्यायचा असला की मात्र त्यांचं एक मागणं ठरलेलं असे. एक वाव जास्त. कपडे वाळत घालायची दोरी असो, मांडवाच्या दिव्यांची माळ असो, विहिरीचा दोर असो, लागेल त्यापेक्षा एक वाव जास्त. दुकानदार म्हणायचा, मामा, उरलेल्याचं काय करणार? मामा म्हणायचे, "उरू दे. उरल्याने कोन मरत नाय." त्यांच्या पायजम्याची नाडी कमरेभोवती दोनदा फिरून शिवाय गुडघ्यापर्यंत लोंबत असे. एकदा मच्छीमार सोसायटीच्या सभेत ती खुर्चीच्या पायात अडकली आणि मामा ठराव मांडायला उठले ते खुर्ची घेऊनच. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण हसण्याच्या भरात विरोध करायचं सगळे विसरले.

त्यांच्या घरासमोर, गल्लीपलीकडे, परूताई राहतात. मामांच्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या, त्या विधवा. वसंता तीस वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी बोट उलटून गेला, एवढं मला गावातल्या इतरांसारखं ठाऊक होतं. रोज सकाळी मामा परूताईंच्या ओट्यावर मासळीचा वाटा ठेवत, खाकरत आणि मागे न बघता घरी येत. परूताई तो वाटा उचलून आत नेत. तीस वर्षांत त्या थोरल्या दिरांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. गावाला वाटे, ही जुनी रीतभात. मलाही तसंच वाटत होतं.

मामांना जाऊन पाच महिने झाले. हे सगळं मी हळूहळू लिहितो आहे, कारण यातली एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली होती.

झालं असं की सोसायटीने बोटींसाठी लागणारा दोर थेट चीनमधून आणायचं ठरवलं. तिथे एक भलंमोठं व्यापारी प्रदर्शन भरतं आणि जगभरचे खरेदीदार जातात, असं सरावलीच्या एका एजंटने सांगितलं. पासपोर्ट फक्त मामांकडे होता, कारण तरुणपणी दोन वर्षं ते आखातात टगबोटीवर होते आणि तेव्हापासून ते तो न चुकता नवा करून घेत. इंग्रजीसाठी माझाही पासपोर्ट काढून मला बरोबर घ्यायचं ठरलं. मी नको म्हणत होतो. मामा म्हणाले, "मास्तर, तुमी बोला, मी मोजतो."

एजंटच्या ऑफिसात फॉर्म भरताना पहिली अडचण आली. बोईसरच्या कारखान्यांचा माल मागवण्यात मुरलेला तो माणूस सांगत होता की दोर मीटरमध्ये मिळतो, दोनशे वीस मीटरचं एक बंडल. मामांनी हिशोब केला, म्हणजे एकशेवीस वाव. फॉर्मवर एकशे एकवीस लिहा, म्हणाले. एजंटने पेन खाली ठेवलं. "चाचा, मीटर में बोलो. वाव वहाँ कौन समझेगा?"

"समुंदर समजता हाय," मामा म्हणाले.

तिथे गेल्यावर आमच्या गळ्यात ओळखपत्रं अडकवली. त्यावर इंग्रजीत नाव आणि खाली 'बायर'. मामांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, विकत घेणारा. ते बराच वेळ त्या शब्दावर अंगठा फिरवत राहिले. "जनमभर विकलं. आता घेनारा झालो." ते ओळखपत्र पुढे माहीमच्या मासळी बाजारातही त्यांच्या गळ्यात असायचं आणि बायका त्यांना 'या बायरमामा' म्हणून चिडवायच्या.

प्रदर्शनाबद्दल मी काय सांगू. एका दालनातून दुसऱ्यात जाता जाता आपण माहीमहून केळव्याला पोचलो असतो असं वाटे. कुठे नुसत्या बादल्या, कुठे नुसती कुलुपं, एका पूर्ण दालनात फक्त छत्र्या. जगातला प्रत्येक माणूस चाकांची बॅग ओढत घाईने कुठेतरी निघालेला. स्टॉलवरची मुलं हाका मारत, ओळखपत्राचा फोटो घेत, हातात पेन देत. मामा प्रत्येक स्टॉलवर नमस्कार करून थोडं थांबत, कारण नुसतं पुढे जाणं त्यांना लग्नघरी न जेवता परतण्यासारखं वाटे. पहिल्या दिवशी आम्ही दोर कुठेच पाहिला नाही आणि आमच्याकडे त्रेचाळीस पेनं जमली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोरांचं दालन सापडलं. तिथे लिन नावाची एक मुलगी होती. चष्मा, घसा बसलेला, पण हसू जागच्या जागी. मामांनी तिचा हिरवा दोर हातात घेतला, वळून पाहिला, दाताखाली धरून पाहिला, आणि मग दोन्ही हात पसरले. लिनला वाटलं, काकांना फोटो हवाय. ती चटकन येऊन त्यांच्या एका हाताखाली उभी राहिली आणि तिच्या सोबत्याने मोबाइल वर केला. मामांनी तिला जावयासारखंच अलगद बाजूला केलं आणि मोजायला सुरुवात केली. नमुन्याचं बंडल उलगडत गेलं. दहा वाव, वीस वाव. दोर स्टॉलबाहेर आला, वाटेवर पसरला, बॅगांची चाकं त्यात अडकली, परदेशी खरेदीदार परकर सावरावा तशा पँटी वर धरून त्यावरून जाऊ लागले. शेवटी गणवेशातले दोन शिपाई आले. मामांनी त्यांच्या हातात दोराचं टोक दिलं आणि धरून ठेवा अशी खूण केली. त्यांनी ते धरलं.

बंडल एकशेवीस वाव भरलं. दोर चांगला होता. चाळीस बंडलं घ्यायची ठरली, आणि मग मामांनी आपलं मागणं मांडलं. प्रत्येक बंडलात एक वाव जास्त.

लिनने मला समजावलं की दोर यंत्रावर कापला जातो आणि सगळी बंडलं सारखीच निघतात. मी मामांना तसं सांगितलं. मग सही नाय, मामा म्हणाले. मला राग आला होता, पाय दुखत होते. मी म्हणालो, मामा, सहा फूट दोरासाठी आपण एवढ्या लांब आलो का? गाव काय म्हणेल?

मामा तिथल्या छोट्या स्टुलावर बसले. गुडघे पार छातीशी आले. दोराचं टोक हातात होतं.

"तिला सांगा मास्तर," ते म्हणाले. "माजा धाकटा भाव एका वावेने गेला."

मी त्यांच्याकडे वळलो.

"मी दोर टाकला. त्याच्या हाताच्या अलीकडे पडला, येवढा कमी. दोर मीच तोडून घेतलेला, मोजून, बरोब्बर. जास्त कशाला, म्हनलो. परूला सांगितलं तवापासून ती माज्याशी बोलत नाय. तिचं बरोबर हाय. हे सगलं नका सांगू. तेवढंच सांगा, एका वावेने गेला."

वावेला इंग्रजीत शब्द आहे. मला तो येत होता, पण त्या मुलीला कळला नसता. मी हात पसरून दाखवले आणि म्हणालो, यांचा भाऊ एवढ्या अंतराने बुडाला. लिनचं हसू पहिल्यांदा हललं. तिने मामांच्या हातावर हात ठेवला. मग अगदी हळू मला म्हणाली की तिला फार वाईट वाटतं, पण यंत्र कारखान्यात आहे आणि ती इथे आहे.

मामा माझ्याकडे बघत होते. "काय बोलली?"

मी म्हणालो, "हो म्हणाली."

तेवढ्यावर त्यांचं भागेना. कागदावर लिहून घ्या, म्हणाले. मी ऑर्डरच्या फॉर्मखाली मराठीत लिहिलं, 'प्रत्येक बंडलात एक वाव जास्त द्यावी.' लिनला सांगितलं, आभाराचे शब्द आहेत. तिने त्याखाली सही केली आणि शेजारी एक हसरा चेहरा काढला. तीस वर्षं मी पोरांना भाषांतर शिकवलं होतं.

माल यायला अडीच महिने लागले. ते मी कसे काढले ते माझं मला माहीत. बंडलं बोईसरहून टेम्पोने आली आणि माहीमच्या किनाऱ्यावर उतरली. मामा ओळखपत्र घालून हजर होते. त्यांनी पहिलं बंडल फोडलं, हात पसरले आणि मोजायला लागले. मी शेजारी उभा राहून मोजत होतो. शंभराच्या पुढे मला आकडे नीट ऐकू येईनात. एकशेवीस. मामा थांबले नाहीत. एकशे एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. मग टोक आलं.

"चार जास्त," मामा म्हणाले. "मास्तर, पोरीने चार दिल्या."

दुसरं बंडलही तेवढंच भरलं, तिसरंही. लोक खूश झाले. मी मामांकडे बघत होतो. माल यायच्या आधी त्यांना महिनाभर ताप होता आणि त्यात ते वाळले होते. आता हात पसरले की कोपर सरळ होत नव्हते, डावा खांदा कानाशी यायचा. दोर यंत्राने कापला होता तेवढाच होता. मामांची वाव आखूड झाली होती.

मामांना वेगळीच काळजी लागली. आपण मागितली एक आणि तिने दिल्या चार, तर तीन परत पाठवायला हव्यात. चाळीस बंडलांतून तीन तीन वाव कापून पार्सल करायचा त्यांचा बेत मी मोठ्या कष्टाने मोडला. मग ते आभाराच्या पत्रावर आले. मी ईमेल पाठवली. लिनचं उत्तर आलं की काकांची तिला आठवण आहे, आणि बंडलं नेहमीच्याच मापाची होती. मी त्यातलं पहिलं वाक्य वाचून दाखवलं.

त्या दिवशी त्यांनी परूताईंच्या ओट्यावर मासळीशेजारी हिरव्या दोराचा एक तुकडा ठेवला. वावभर. खाकरले आणि परत आले. परूताईंनी मासळी उचलली. दोर संध्याकाळपर्यंत तिथेच होता. दुसऱ्या सकाळी नव्हता. मामांनी मला चार वेळा विचारलं, वाऱ्याने गेला असेल का? मी म्हणालो, दोर वाऱ्याने जात नाही.

मामा गेले ते सकाळी, ओट्यावर वाटा ठेवून आल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. तिरडी अंगणात बांधायला घेतली. बांधणाऱ्याने सुतळीचा गुंडा काढला, हात पसरून मापली आणि कोयता लावला. गल्लीपलीकडून परूताई आल्या. पदर नीट डोक्यावर होता. सगळे बाजूला झाले. त्या मामांच्या पायांशी थांबल्या आणि सुतळीकडे बघून म्हणाल्या, "एक वाव जास्त घ्या."

कुणी हसलं नाही. बांधणाऱ्याने कोयता वावभर पुढे सरकवला.

बांधून झाल्यावर सुतळी उरली, आणि ती कापायला कुणाचा हात पुढे होईना. तिरडी उचलली. आम्ही किनाऱ्याकडे निघालो तेव्हा उरलेलं टोक मागे वाळूत घासत येत होतं. मी वाकून ते उचललं आणि हातात धरून शेवटपर्यंत चालत गेलो.