गुरप्पाअण्णांची चतुःसीमा

आमच्या शेजारचे गुरप्पाअण्णा घरात सिनेमा लावताना एका हातात ओळंबा आणि दुसऱ्या हातात मोजणीची टेप घेऊन उभे असतात. सिनेमा मात्र आजवर एकदाही लागलेला नाही.

अण्णा मूळचे दुधनीचे. सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. आता जुळे सोलापुरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. पुण्याच्या लेकीनं त्यांना प्रोजेक्टर पाठवला आणि माझ्या संध्याकाळी गेल्या. ऑफिसातून येऊन बूट काढतो न काढतो तोच दारात अण्णा.

"दोन मिंटं या की. चित्राची हद्द तपासू."

ही दोन मिनिटं तासभर चालतात. मी भिंतीपाशी उभं राहून चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवायचं, अण्णांनी टीपॉयवरचा प्रोजेक्टर केसभर सरकवायचा. "अजून... अजून... साकू, साकू!" म्हणजे पुरे. मग ओळंबा सोडून बघायचं. चित्र वर रुंद आणि खाली निमुळतं दिसलं की म्हणणार, "वरच्या गटवाल्यानं लई जमीन दाबली बघा." कॅलेंडरवर गेलं की अतिक्रमण. एकदा ते दाराच्या चौकटीवर चढलं, तर "हितनं वहिवाट हाय, रस्ता सोडाय पायजे," म्हणून त्यांनी सगळी मोजणी पहिल्यापासून काढली. भिंतीवरचा नायक तेवढा वेळ तोंड उघडं टाकून थांबलेला. त्या बिचाऱ्याला मध्ये चहा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळत नाही, मला निदान तेवढं तरी मिळतं.

तरी शेवटी मी वैतागलो. रविवारी सकाळी ड्रिल मशीन आणि छताला लावायचा स्टँड घेऊन गेलो.

"अण्णा, आज कायमचा बसवून टाकू. मग नुसतं बटण दाबायचं. कुणाला बोलवायची गरजच नाही."

मला वाटलं, खूश होतील. अण्णा स्टँड हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले.

"लेकीनं पण ह्योच दाखवला हुता फोनवर. मीच नको म्हटलं." मग म्हणाले, "जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. मोजणी चालू हाय तवर लई मान. चहा घ्या सायेब, जेवून जावा सायेब. हद्दीचा शेवटचा दगड रोवला की कुत्रं इचारत न्हाय." स्टँड त्यांनी हळूच टीपॉयवर ठेवला. "हे एकदा बसलं, की तुमी कशाला येताय?"

मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. या घरात बोलायला दुसरं माणूस नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ड्रिलची पिशवी दाराबाहेर ठेवली, भिंतीवरून हात फिरवला आणि एक डोळा मिटून लांबवर नजर लावली.

"अण्णा, छताचं राहू द्या. ही भिंतच फुगलेली दिसते. रोज थोडं थोडं बघावं लागेल."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. भिंत चांगली सपाट आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"व्हय व्हय," ते म्हणाले, "लई फुगलीया," आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.